सारजाबाईंचा पेला

सारजाबाई रणदिवे प्रभुभोजनाचा द्राक्षरस स्वतःच्या हातानं करतात आणि स्वतः मात्र तो घेत नाहीत, ही गोष्ट मला त्यांच्याच चर्चमधल्या राहेलबाईंनी सांगितली. सप्टेंबरचे दिवस होते. नळदुर्गच्या आठवडी बाजारात आम्ही दोघी एकाच गाड्यावर शेपू निवडत होतो. बोलता बोलता राहेलबाईंनी आवाज खाली आणला आणि विचारलं, तुमच्या शेजारीणबाई तुम्हाला काही बोलल्या का? मी म्हटलं, कशाबद्दल? मग त्यांनी सांगितलं. जूनपासून चार वेळा प्रभुभोजन झालं आणि चारही वेळा सारजाबाई जागेवरून उठल्या नव्हत्या.

मी ख्रिस्ती नाही. माझे यजमान इथल्या हायस्कुलात लेखनिक आहेत आणि गेली अकरा वर्षं आमची नि सारजाबाईंची भिंत एकच आहे. त्यामुळं त्यांच्या चर्चमधलं थोडंफार मला ठाऊक होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन असतं. उपासना संपत आली की लोक पुढं जाऊन वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकतात. पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, प्रत्येकाला पोळीचा एक तुकडा देतात आणि औषधाच्या मापाएवढ्या काचेच्या पेल्यातून घोटभर द्राक्षरस. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवण केलं, त्याची ही आठवण. कुणाशी वाकडं असेल, मनात काही लपवलेलं असेल, तर ते आधी मिटवायचं आणि मगच पुढं जायचं, असा त्यांचा दंडक. म्हणून जो बसून राहतो त्याच्याकडं सगळ्यांच्या नजरा जातात. आणि इथं तर ज्या बाईनं तो रस केला, पेले धुतले, मेजावर पांढरं कापड घातलं, तीच बसून राहत होती.

राहेलबाईंना आधी वाटलं, साखर वाढली असेल. मग त्यांनी दवाखान्यात कामाला असलेल्या भाचीकडून काढून घेतलं, साखर ठीक होती. पिंपरीत कंपनीत असलेल्या मुलासाठी काही नवस बोलली असेल, असं कुणी म्हणालं. पण त्यांच्यात नवस नसतो. हळूहळू मंडळीचं एक मत ठरत गेलं. मंडळी म्हणजे त्या चर्चची सगळी माणसं. मत असं, की सारजाबाई स्वतःला लायक समजत नाहीत. एवढी सेवा करून ही बाई म्हणते, मी कोण त्या मेजाशी जाणारी. राहेलबाई हे सांगताना शेपूची जुडी हातात तशीच धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, आमी नुसतं म्हणतो, म्या पापी, म्या पापी, आणि रांगेत पुढं घुसतो. तिनं करून दाखवलं.

मला ते पटलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

सारजाबाई चौसष्ट वर्षांच्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या. तीस वर्षं त्यांनी गावच्या पोरांना खिचडी शिजवून घातली. नवरा शांतवन रस्त्याच्या गँगमध्ये होता, हैदराबादच्या हमरस्त्यावर डांबर ओतायचा. तो नऊ वर्षांपूर्वी गेला. सासूच्या हातचं रस करण्याचं काम लग्नानंतर चौथ्या वर्षी सारजाबाईंकडं आलं. त्यांच्या मंडळीत दारूचा थेंब चालत नाही, म्हणून रस घरी करायचा. काळ्या मनुका आणायच्या, देठ काढायचे, धुऊन भिजत घालायच्या, पहाटे कुस्करून मंद आचेवर उकळायच्या आणि पातळ फडक्यातून गाळायच्या. छत्तीस वर्षं त्यात खंड नव्हता. शांतवनला नेलं त्या आठवड्यातसुद्धा रविवारी रस तयार होता.

आणि त्या नम्र होत्या, यात वाद नव्हता. माझ्याकडं आल्या तर खुर्चीवर बसत नसत, उंबऱ्याशी फरशीवर बसत. पंगतीत शेवटी जेवत. कुणी कौतुक केलं की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, ‘म्या तर देवाची झाडूवाली.’ चर्चमध्ये त्या सगळ्यांत मागच्या बाकावर, दाराजवळ बसत. एकदा नाताळाला मी गेले होते तेव्हा नकळत त्या बाकाच्या टोकाला बसले. सारजाबाई आल्या, मला बघून हसल्या आणि पूर्ण उपासनाभर माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाकावर आणखी चार जणींची जागा होती. मी सरकून घेतलं, हातानं खूण केली, तरी बसल्या नाहीत. शेवटी मीच उठून पुढं गेले आणि मग त्या आपल्या टोकाला बसल्या. ते टोक त्यांचं होतं.

यंदाच्या मार्चमध्ये सोलापूरला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चुलीजवळ, वाफेजवळ महिनाभर जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा एप्रिलच्या प्रभुभोजनाचा रस राहेलबाईंच्या सुनेनं केला. तिचं नाव अर्पिता, तेरची मुलगी, लग्नाला दोन वर्षं झालेली. सारजाबाईंनी अंथरुणावरून सांगितलं तसं तिनं केलं आणि रस चांगला झाला. लोकांनी तसं बोलून दाखवलं. पाळकसाहेब तरुण आहेत, नगरकडचे, दोनच वर्षांपूर्वी आलेले. त्यांनी मे महिन्याचं कामही अर्पितालाच दिलं. सारजाबाईंना म्हणाले, बाई, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा, नव्या पिढीला शिकू द्या.

मे महिन्यातला तो रविवार नळदुर्गमध्ये ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक आहे. पाळकसाहेबांनी मेजावरची बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि फट्‌ असा आवाज झाला. झाकण उडून भजनाच्या पुस्तकांवर पडलं. जांभळा फेस पाळकसाहेबांच्या हातावरून पांढऱ्या कापडावर आला आणि आंबट वास मागच्या बाकापर्यंत गेला. मनुका आंबल्या होत्या. पाळकसाहेबांनी बाटली खाली ठेवली आणि त्या दिवशी प्रभुभोजन होणार नाही असं सांगितलं. मागं कुणीतरी हसलं. अर्पिताचे वडील दारूत गेलेले, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून राहेलबाईंच्या तोंडात एकच पालुपद बसलं, तेरहून येताना सून भट्टी घेऊनच आली. दूध नासलं तरी तेच, पीठ फुगलं तरी तेच. पोरगी चर्चला जायची, कठड्याशी जायची, पण गाण्यात पहिल्यासारखा तिचा आवाज वर येत नव्हता, असं म्हणतात.

जूनपासून काम पुन्हा सारजाबाईंकडं आलं. मंडळीनं विनवणी करून दिलं. आणि त्याच जूनपासून त्या पुढं जाईनाशा झाल्या.

हे दोन्ही एकाच महिन्यात कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ऑक्टोबरात एकदा मी सरळ विचारलं. भिंतीपलीकडं त्या कपडे वाळत घालत होत्या. मी म्हटलं, सारजाबाई, तुम्ही रस घेत नाही असं ऐकलं, ते का? त्यांनी चिमटा तोंडातून काढून दोरीला लावला आणि मला विचारलं, तुमच्याकडं आज नळाला पाणी आलं व्हतं का? मी पुन्हा विचारलं नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. एरवी त्या ‘म्या तर देवाची झाडूवाली’ म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी नम्रतेवर उपदेश केला. राहेलबाईंनी दुपारी येऊन मला सगळा सांगितला. गर्व कसा आत शिरतो, चांगल्या कामातसुद्धा कसा दबा धरून बसतो, असं बरंच ते बोलले आणि शेवटी म्हणाले, नम्रता बघायची असेल तर पुस्तकात बघू नका, मागच्या बाकावर बघा. सगळी मंडळी मागं वळली. सारजाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. मान खाली आहे हे बघून लोकांना आणखीच भरून आलं. पाळकसाहेबांनी तिथंच जाहीर केलं, नाताळाच्या उपासनेत सारजाबाईंना शाल देऊन सत्कार करायचा. सारजाबाई उठून म्हणाल्या, नको, मला हे नको. त्यावर पाळकसाहेब हसून मंडळीला म्हणाले, बघा.

राहेलबाई गेल्यावर मी सारजाबाईंकडं डोकावले. त्या अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. डोकं दुखतं म्हणाल्या.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी शाल टाळायचे सगळे मार्ग करून बघितले. पाळकसाहेबांच्या घरी जाऊन सांगितलं, मला शाल नको, आधीच लई हायत. पाळकीणबाईंनी त्यांचे हात हातात घेतले आणि डोळे पुसले. मग त्यांनी सांगून बघितलं की नाताळाला मी पिंपरीला चालले. तर मंडळीनं त्यांच्या मुलाला फोन करून सत्काराला इकडंच बोलावून घेतलं. जितकं नको म्हणावं तितकी शाल जवळ येत होती.

नाताळाला चार दिवस असताना सारजाबाई सकाळी माझ्याकडं आल्या. पदरात मनुकांची पिशवी होती. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारसाठी आत्ताच निवडून ठेवते, म्हणाल्या. उंबऱ्याशी बसल्या, ताट घेतलं आणि देठ काढायला लागल्या. मीही समोर बसले. अर्धी पिशवी निवडून झाली. मग त्यांनी हातातली मनुका ताटात न टाकता तशीच धरली.

‘वहिनी, ती बाटली उडनार हाय हे मला आदल्या दिवशी ठावं व्हतं.’

मी ताटातून हात काढून घेतले. पुढचं त्यांनी मान वर न करता सांगितलं. मे महिन्यातल्या त्या शनिवारी संध्याकाळी त्या मेजाचं धुतलेलं, इस्त्री केलेलं कापड घेऊन चर्चकडं चालल्या होत्या. वाटेत राहेलबाईंचं घर. स्वयंपाकघराची खिडकी बोळात उघडते. खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलचं पातेलं, वर फडकं. वास आला म्हणून त्या थांबल्या. फडकं उचललं. मनुका फुगून वर आल्या होत्या आणि कडेनं फेस धरला होता. भर उन्हाळ्यात मनुका रात्रभर भिजवायच्या नसतात, पहाटे तीन तास पुरतात, हे त्यांना सासूनं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. एप्रिलमध्ये त्यांनी अर्पिताला शनिवारी संध्याकाळी भिजव असं सांगितलं होतं. मे महिन्यात वेगळं करायचं, हे त्यांनी सांगितलंच नाही. आणि घरच्यांना कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं म्हणून पोरीनं शुक्रवारीच भिजत घातलं होतं.

‘म्या फडकं परत झाकलं,’ सारजाबाई म्हणाल्या. ‘नीट झाकलं. माशी जाऊ नये म्हणून कडा बी खोचल्या. आन पुढं जाऊन मेजावर कापड घातलं.’

मी विचारलं, का?

त्या म्हणाल्या, पाळकसाहेब आराम करा म्हणाले तेव्हा मी म्हटलं, व्हय की, माझं काय, म्या तर झाडूवाली. ते म्हणताना माझे दात कसे एकमेकांवर घासले ते मलाच माहीत. छत्तीस वर्षं मी म्हणत होते की मी कुणी नाही. पहिल्यांदा कुणीतरी ते खरं धरलं आणि मला सहन झालं नाही. बाटली उडाली तेव्हा मागच्या बाकावर मला हसू आलं होतं, वहिनी. तोंडावर पदर घेतला. लोकांना वाटलं, रडते. आठ दिवस मला चांगली झोप लागली. मग मंडळी विनवायला आली, रस तुम्हीच करा. पातेलं हातात आलं आणि वाटलं, आता हे मी प्यायचं कसं.

‘मग कुणाला सांगितलं का नाही?’

‘कसं सांगू? पैल्या महिन्यात लाज वाटली. दुसऱ्या महिन्यात लोक म्हनाय लागले, किती नम्र, किती नम्र.’ त्यांनी मनुका ताटात टाकली. ‘आन खोटं का बोलू, मला ते बरं वाटाय लागलं.’

मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की माझं कुतूहल संपेल. पण मग दुसराच प्रश्न पडला, ही बाई आता करणार काय? मी म्हटलं, नाताळाला शाल देतील तेव्हाच उभं राहून सांगून टाका. सगळ्यांसमोर एकदाच होऊन जाईल.

सारजाबाईंनी माझ्याकडं बघितलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांची नजर फार स्वच्छ झाली होती. म्हणाल्या, तसं केलं तर लोक उठून टाळ्या वाजवतील. पाळकसाहेब त्यावर आणखी एक उपदेश करतील. ज्या पोरीचं वाईट झालं ती तशीच बाकावर बसून राहील. न्हाय. तिच्याकडंच जायला पाहिजे. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, तुम्ही चला माझ्यासंगं. एकटी गेले तर दारातून परत येईन, म्हणीन मीठ मागायला आले व्हते.

आम्ही गेलो तेव्हा अर्पिता घरात एकटीच होती, नाताळाच्या करंज्या तळत होती. राहेलबाई दळण आणायला गिरणीत गेल्या होत्या. अर्पितानं पाट दिले. सारजाबाई पाटावर बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच्या निम्म्या शब्दांत. उन्हाळ्याचं माप सांगितलं नाही ते, खिडकी, फडकं, फेस, आणि हसू आलं तेही. अर्पिताचा हात थांबला नाही. ती झाऱ्यानं करंज्या उलटत होती. सारजाबाई बोलायच्या थांबल्यावर तिनं घाणा काढला, गॅस बारीक केला आणि मग वळली.

‘मला माहीत आहे, मावशी. मी बघितलं होतं तुम्हाला.’

सारजाबाईंना समजलं नाही. मलाही नाही.

‘मी आत कणीक मळत होते,’ अर्पिता म्हणाली. ‘तुम्ही थांबलात. फडकं उचललं, आत बघितलं, परत झाकलं, कडा खोचल्या. मला वास आंबट येतच होता. मी टाकून देणार होते आणि पहाटे नवीन करणार होते. पण तुम्ही बघून गेलात. मला वाटलं, मावशींनी बघितलंय, काही बोलल्या नाहीत, म्हणजे असाच असत असेल. म्हणून मी टाकलं नाही, रात्रीच जरा गरम करून बाटलीत भरलं.’

सारजाबाई तेव्हा पाटावर बसल्या. त्यांना सात महिने वाटत होतं की आपण फक्त गप्प बसलो. माफ कर, असं त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं.

अर्पितानं माफ केलं असं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, ‘मला म्हणून काय उपयोग? मला तर माहीतच होतं. आईंना सांगा. सात महिने मी माझ्या मेलेल्या बापाबद्दल ऐकून घेतेय.’

आई म्हणजे सासू, राहेलबाई. त्यांना सांगणं म्हणजे काय, हे आम्हा तिघींनाही कळत होतं. पाळकसाहेबांना सांगितलं असतं तर ते त्यांच्या पोटात राहिलं असतं. राहेलबाईंना सांगितलेलं दुपारपर्यंत बसस्टँडवर पोचतं. सारजाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. सांगायचं की नाही, हे काही मी ठरवणार नव्हते.

राहेलबाई पिठाचा डबा कमरेवर घेऊन आल्या. सत्काराच्या बाई स्वतःहून घरी आलेल्या बघून त्यांना आनंद झाला. चहा टाक गं, म्हणाल्या. सारजाबाई म्हणाल्या, चहा नंतर, आधी ऐका. आणि त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी आवाज बसला नव्हता, उलट जरा मोठाच होता, जसं अंगणवाडीत पोरांना ओरडून सांगायच्या तसा. राहेलबाईंनी डबा खाली ठेवला नाही. पहिल्यांदा त्यांना खरंच वाटलं नाही. परत सांगा म्हणाल्या. सारजाबाईंनी परत सांगितलं.

‘म्हंजी सात महिने म्या हिला बोलले,’ राहेलबाई सावकाश म्हणाल्या, ‘ते तुमच्या वाटणीचं व्हतं?’

‘व्हय.’

‘आन आमी तुमच्यासाठी सोलापुरास्नं शाल आनवली.’

‘ती अर्पिताला द्या.’

‘मला नको,’ अर्पिता कढईकडं तोंड करून म्हणाली.

राहेलबाई सुनेची माफी मागतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी डबा ठेवला, हात धुतले, पुढं जाऊन अर्पिताच्या हातातून झारा घेतला आणि म्हणाल्या, ‘जा, बस जरा. सकाळधरनं उभीच हायस. म्या तळते.’ अर्पिता आतल्या खोलीत गेली. आम्हाला चहा मिळाला नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं. दुसऱ्या दिवशी नळाच्या रांगेत माझ्या कानावर आलं, म्हणजे पुढं कुठवर गेलं असेल याचा अंदाज यावा. दोनचार बायका म्हणायला लागल्या होत्या, काही म्हणा, स्वतः जाऊन सांगितलं, केवढं मोठं मन. पण ते राहेलबाईंनी वाढू दिलं नाही. त्या जिथं तिथं विचारायच्या, सांगितलं कधी? सात महिन्यांनी. शाल ठरल्यावर. त्यामुळं मोठं मन तिथंच राहिलं. सारजाबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरं झालं, राहेलबाई मंडळीत हाय ते.

पाळकसाहेब त्यांच्याकडं येऊन तासभर बसले. भिंतीतून मला फक्त कपबशीचा आवाज आला. नंतर सारजाबाईंनी सांगितलं, ते काही रागावले नाहीत. म्हणाले, उदाहरण चांगलं सापडलं म्हणून मी घाई केली, तुम्हाला एकदा विचारायला पाहिजे होतं. रसाचं काम आता कुणी करायचं, असं त्यांनी विचारलं. सारजाबाई म्हणाल्या, अर्पिता करेल. त्यांनी अर्पिताला विचारलं, तर ती म्हणाली, माझा शिवणाचा क्लास आहे, मला ते काम नको. कुणालाच नको होतं, म्हणून ते सारजाबाईंकडंच राहिलं. नाताळाला सत्कार झाला नाही. शाल पाळकीणबाईंच्या कपाटात आहे. मुलगा पिंपरीहून आला होता, त्याला काय झालं ते कुणी नीट सांगितलं नाही. त्यानं करंज्या खाल्ल्या आणि परत गेला.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी गच्चीवर पापड वाळवायच्या निमित्तानं दुपारपर्यंत रेंगाळले. साडेबाराला सारजाबाई चर्चमधून आल्या. हातात पेल्यांचं ताट. मागच्या अंगणात मोरीजवळ त्या पेले विसळायला बसल्या आणि मी खाली उतरून भिंतीशी गेले. विचारलं, गेलात का पुढं?

गेले, म्हणाल्या. मग एकेक पेला धुता धुता सांगत गेल्या. त्या उठल्या तेव्हा मंडळी मागं वळून बघत होती, पण डिसेंबरात वळली होती तशी नाही. कठड्याशी त्यांनी गुडघे टेकले. उजवीकडं एक बाई होती, ती जरा सरकली. डावीकडची जागा रिकामी राहिली. लोक येत होते, पण दुसरीकडं बसत होते. शेवटी बाकी कठडा भरला, तेव्हा अर्पिता येऊन त्या जागेवर बसली. दुसरीकडं जागाच नव्हती, सारजाबाई म्हणाल्या, तिचा काही इलाज नव्हता.

पेला हातात आला, त्यांनी घेतला. सात महिन्यांनी. करताना त्यांनी चाखायचंही सोडलं होतं, त्यामुळं जिभेला तो रस तेव्हाच लागला.

‘आन वहिनी, नुसतं पानी,’ सारजाबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती. ‘मनुकाचं नुसतं नाव. मला वाटलं, माझ्याच तोंडाला चव न्हाय. तेवढ्यात उठता उठता अर्पिता कानात म्हनली, मावशी, पाणी लई झालंय. म्या म्हनलं, आज? तर म्हनली, जूनपासून.’

‘आणि मंडळीत कुणीच बोललं नाही?’

‘कोन बोलनार? माझ्या हातचा रस.’ त्यांनी शेवटचा पेला उन्हात धरून बघितला, पुन्हा विसळला आणि फडक्यावर पालथा घातला. ‘आता काय करू? मनुका वाढवू का पानी कमी करू?’

मी म्हटलं, मला काय कळतंय, अर्पिताला विचारा.

‘विचारलं की, येताना. दोनी करा, म्हनली.’